औषध टाकायच्या आधीचं पाणी

माझ्या पायजम्याचा रंग सुटला होता आणि मी छातीएवढ्या पाण्यात उभी होते.

आधी मला कळलं नाही. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या म्हणून मी खाली बघितलं. माझ्या पायांभोवती निळं पसरत होतं. शाईची बाटली लवंडावी तसं. पाय हलवला की आणखी पसरायचं. मी पाय हलवायची थांबले. तरी पसरत राहिलं.

"शी! काय सुटलंय बघा त्या आजींच्यातनं!"

मग शिट्टी वाजली. बायका भराभर शिड्यांकडे निघाल्या. पोहता येणाऱ्या, न येणाऱ्या, सगळ्या. एकमेकींना ढकलत वर गेल्या. केवढा मोठा तलाव, आणि त्यात मी एकटी. त्या काठावर ओळीने उभ्या राहिल्या, अंगाला टॉवेल गुंडाळून. त्यातली एक म्हणाली,

"घ्या! पाण्यातसुद्धा जयंती."

हसल्या. सगळ्या नाही हसल्या. पण ज्या हसल्या त्या मोठ्याने हसल्या.

मला शिडी चढता येत नव्हती. गुडघे वाकत नाहीत. रोज वरून कोणीतरी हात द्यायचं, मग मी बाहेर यायचे. त्या दिवशी मी शिडीपाशी गेले आणि सवयीने हात वर केला. हात तसाच वर राहिला. किती वेळ राहिला ते माहीत नाही.

प्राजक्ता नावाची मुलगी तिथं कोच आहे. शिट्टी तिनेच वाजवली होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीला टेकवलेली जाळी उचलली. पाण्यातली पानं, केस, मेलेले किडे काढायची जाळी असते, लांब दांड्याची. दांडा तिने स्वतःकडे ठेवला आणि जाळीचं टोक माझ्यापुढे केलं.

"आजी, हे धरा."

मी धरलं. जाळीला एक ओलं पान चिकटलेलं होतं. ती ओढत होती, मी एकेक पायरी वर येत होते. कळ गुडघ्यातनं निघून डोक्यात जात होती. वर आले तर फरशीवर माझ्या पायांखाली निळं थारोळं झालं. बायका त्या थारोळ्यापासून मागे सरकल्या.

मला रडू आलं नाही. रागही आला नाही. कानात पाणी गेल्यावर जसं ऐकू येतं, तसं सगळं लांबून येत होतं.

त्या तलावाचं नाव लिहीत नाही. ठाणे आणि कल्याणच्या मध्ये कुठंतरी आहे असं समजा. जागा सरकारी आहे, चालवायला ठेकेदार आहे. फाटकावर पाटी आहे, सर्व नागरिकांसाठी खुला. ती पाटी मी वाचली होती. चौथीपर्यंत शिकलेय मी. पाटी वाचता येते.

मी रस्ते झाडायचे. उभं आयुष्य वाकून गेलं. नोकरी संपली आणि गुडघे संपले, दोन्ही बरोबरच. आम्ही कळव्याला राहतो, मी, मुलगा, सून मनीषा आणि दोन नातवंडं. घरातल्या घरात भिंत धरून चालायची वेळ आली तेव्हा मुलाने मला ठाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितले, छाती तपासली. म्हणाल्या, ऑपरेशन तुमच्या हृदयाला झेपणार नाही. पाण्यात चाला. रोज.

"कुठल्या पाण्यात?" मी विचारलं. "खाडीत का?"

त्या हसल्या. "स्विमिंग पूलमध्ये, आजी. आणि रोज जायचं. नाही गेलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला संडासलासुद्धा कोणीतरी धरून न्यावं लागेल."

अशा स्पष्ट बोलल्या, म्हणून मला त्या आवडल्या.

पहिल्या दिवशी पाण्यात उतरले आणि माझं वजन गेलं. भिंत नाही, काठी नाही, कोणाचा खांदा नाही. मी चालत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत. दुखत नव्हतं. बाहेर आल्यावर दुखायला लागलं, पण मला माहीत झालं होतं की एक जागा आहे जिथं दुखत नाही. मला त्या बायकांशी मैत्री करायची नव्हती. मला फक्त ते पाणी हवं होतं, रोज.

लेडीज बॅच होती. सकाळची. बँकेतल्या, शाळेतल्या, घरच्या, बऱ्याचशा रिटायर झालेल्या. त्यांच्यात सुलभाताई पुढारी. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बॅचचं हळदीकुंकू त्या करायच्या, सहल त्या काढायच्या, ऑफिसात काही सांगायचं तर त्या सांगायच्या. आधी माझ्याशी चांगल्या होत्या. एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या,

"तुम्ही आमच्या सोसायटीसमोर असायचात ना? झाडायला?"

"हो."

"वाटलंच मला. चेहरा ओळखीचा वाटला."

दुसऱ्या दिवशी त्यांची पिशवी माझ्या शेजारच्या खुंटीला नव्हती. पार पलीकडच्या भिंतीला होती. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. रस्ता झाडताना हेच शिकले होते. बघायचं आणि पुढे सरकायचं.

त्या बॅचमध्ये आमच्यातलीही एक बाई होती. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. तिच्या गळ्यातल्या साखळीत बुद्धाचं छोटं पदक होतं. कपडे बदलताना ती पदक तेवढं काढून पर्समध्ये ठेवायची. साखळी गळ्यातच ठेवायची. मी एकदा हळूच तिला जय भीम म्हटलं. ती मला म्हणाली, "गुड मॉर्निंग." तिचं नाव मी लिहिणार नाही. तिला तिथं रोज जायचं आहे.

आता त्या पायजम्याचं. तिथं साडी, पंजाबी ड्रेस चालत नाही. आधी मी नातवाची जुनी ट्रॅकपँट घालून जायचे. ती पाण्यात फुगायची. मी पुढे आणि फुगा मागे. बायका हसायच्या, मीपण हसायचे. ते हसणं निराळं होतं. मग प्राजक्ता म्हणाली, "आजी, घट्ट काहीतरी शिवून घ्या. ही पँट पायात अडकेल एखाद दिवशी." दुकानात माझ्या मापाचं आणि माझ्या वयाला शोभेल असं काही मिळेना. सगळे कॉस्च्युम मांडीवर संपणारे. मनीषा म्हणाली, "थांबा आई, मी शिवते." ती दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते. घरी येऊन मशीनवर बसली.

कापड घरातच होतं. आमच्या विहारात जयंतीला स्टेजला लावायला कापड आणतात, त्याचा उरलेला तुकडा. निळ्या कापडाला आमच्या घरात कधी तोटा नसतो. मनीषाने ते मिठाच्या पाण्यात भिजत घातलं, रंग पक्का व्हायला. धुऊन बघितलं. पाणी स्वच्छ आलं. "आई, पक्का झाला बघा," म्हणाली आणि मगच शिवला. तलावात औषध असतं हे तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. औषध म्हणजे क्लोरीन. मिठाने धरून ठेवलेला रंग औषधाने काढून घेतला.

चूक आमचीच. रंग सुटणारं कापड घालून पाण्यात जाऊ नये. कोणी सांगितलं असतं, आजी, बाहेर या, कपडे बदला, तर मी आले असते. मला आणखी एक सकाळ आठवते, म्हणून हे लिहितेय. त्याच बॅचमध्ये एका बाईंच्या केसांचा रंग सुटला होता. आदल्या दिवशीच लावलेला, आणि टोपी घालायला विसरल्या. कपाळावरनं काळे ओघळ आले, पाण्यात काळी रेघ उठली. "अय्या, म्हातारी दिसायला लागले का गं मी?" म्हणाल्या. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी. कोणीतरी त्यांचं कपाळ आपल्या हाताने पुसलं. कोणी बाहेर गेलं नाही. शिट्टी वाजली नाही. जाळी भिंतीलाच होती.

घरी आले. मनीषाने पायजमा बघितला, माझ्या पोटऱ्यांवर निळे डाग होते ते बघितले. मी सांगितलं काय झालं ते. ती एवढंच म्हणत राहिली, "मिठात टाकला होता हो आई मी. मिठात टाकला होता." मग तिचा आवाज चढला. "मी येते उद्या. एकेकीला बघते."

मी म्हटलं, "तू कामावर जा."

त्यानंतर मी बरेच दिवस गेले नाही. टीव्हीसमोर बसायचे. काय चाललंय ते कळायचं नाही. नात विचारायची, आजी, चॅनेल बदलू? मी म्हणायचे, बदल. भिंत धरून न्हाणीत जायचे, भिंत धरून परत. रात्री पायांना कापड गुंडाळून झोपायचे. घरातले हळू आवाजात बोलायचे, कोणी आजारी असल्यासारखे. पायजमा मनीषाने धुऊन वाळत टाकला होता. दांडीवर तो मला दिसायचा. मला काहीच वाटायचं नाही.

नातीने मोबाइलवरनं काळा कॉस्च्युम मागवला. मनगटापासून घोट्यापर्यंत. रंग पक्का, असं तिने मला वाचून दाखवलं. गुडघे आता रात्री झोपू देत नव्हते. मी परत गेले.

फाटकातच सुलभाताई भेटल्या.

"अहो आजी! बरं झालं आलात. आम्ही तुमचाच विषय काढला होता." माझ्या दंडाला हात लावल्यासारखं केलं, लावला नाही. "तुमच्या गुडघ्यांना एवढी गर्दी बरी नाही हो. एखादीचा धक्का लागला म्हणजे? असं करा, रविवारी संध्याकाळी शेवटची बॅच असते, तेव्हा येत जा. अख्खा तलाव तुमचा. मी ऑफिसात सांगून ठेवलंय."

मी काही बोलले नाही.

"आणि त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नका हं. सगळ्या घाबरल्या, दुसरं काही नाही. आम्ही तसलं काही मानत नाही."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. मुकादमाला म्हणायचे तसं. बरं.

आणि मी रविवारी जायला लागले. शेवटच्या बॅचला. दिवे लागलेले असायचे, पाण्यात कोणी नसायचं. प्राजक्ता खुर्चीवर मोबाइल बघत बसायची. मी चालायचे. मला बरंसुद्धा वाटायचं. कोणी बघत नाही, कोणी हसत नाही. प्राजक्ता मला वर यायला हात द्यायची. तेव्हा बघायला कोणी नसायचं.

पाणी मात्र आठवड्याचं असायचं. वरती तेलाचा तवंग. तळाला केसांची गुंतवळ, जखमेवरच्या चिकटपट्ट्या. पायाला बुळबुळीत लागायचं. सोमवारी तलाव बंद असतो. रविवारी सगळे गेले की औषध टाकतात, सोमवारी तळ झाडून घेतात, आणि मंगळवारी सकाळी पाणी काचेसारखं असतं. मंगळवारची पहिली बॅच सुलभाताईंची. मला हे सगळं माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि डोक्यात शिरणं निराळं. मी म्हणायचे, मिळतंय हे काय कमी.

गुडघे सुधारत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी रोज सांगितलं होतं, आणि मी जात होते आठवड्यातनं एकदा.

तलावाच्या पंपावर एक म्हातारा आहे. इथल्याच जुन्या गावचा, आगरी. तलाव झाला तिथं त्यांची शेती होती म्हणतात. मला मावशे म्हणतो, वयाने माझ्याएवढाच असून. एका रविवारी माझं चालणं संपायच्या आधीच तो पिंप घेऊन काठावर आला.

"मावशे, निंग आता. मना औषध टाकाचाय."

"अजून वेळ आहे ना माझा?"

"वेल हाय, पन डबल टाकाचाय. टाईम लागतो."

"डबल कशाला?"

"तुज्या बॅचनंतर डबल टाकाचा, सुलभा मॅडमनी सांगून ठेवलाय. पयली ही बॅच नव्हतीच रयवारी. तुज्यासाटीच चालू केली." मग तोंडभर हसला. "मोठी वट हाय गो तुजी! कोन हाय तुजा, नगरसेवक?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी कोणीतरी बडी आहे. माझ्या एकटीसाठी बॅच उघडतात, माझ्यानंतर दुप्पट औषध टाकतात.

मी पाण्यात उभी राहिले. पिंपाचं झाकण उघडलं होतं, वास नाकात शिरत होता. तेव्हा ते डोक्यात शिरलं. हळूहळू नाही. एकदम.

मी शहाडला वाढले. बाप साताऱ्याकडून कारखान्यात कामाला आला होता. वस्ती उल्हास नदीपासून जवळ. नदीवर बायकांच्या धुण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. वरच्या अंगाला गावातल्या बायका. त्याच्या खाली चाळीतल्या. मग म्हशी. म्हशींच्या खाली आमची आई. आम्ही पोरं तिथंच पोहायला शिकलो. वरून कधीकधी कुठल्यातरी कारखान्याचं रंगाचं पाणी यायचं. कधी लाल, कधी निळं. आम्ही त्यातच बुड्या मारायचो, बाहेर आलो की कान लाल झालेले. एकमेकांना बघून हसायचो. आमच्यासाठी कोणी शिट्टी वाजवली नाही. मी एकदा वरच्या अंगाला गेले होते, पाणी किती स्वच्छ दिसतंय म्हणून. आईने हाक मारली नाही. धावत आली, मला दंडाला धरून ओढत खाली आणलं, आणि वळून वरच्या बायकांना म्हणाली, "चुकलं बाय, लेकरू हाय." त्या काही बोललेल्यासुद्धा नव्हत्या. आईने आधीच माफी मागून टाकली.

ती नदी राहिली शहाडला. मी इथं, पांढऱ्या फरशीच्या तलावात, दिव्यांच्या उजेडात, तिथंच उभी होते. म्हशींच्या खाली. आणि मला ओढून आणायला आईचीही गरज पडली नव्हती. मी स्वतः चालत आले होते. बरं म्हणून.

शिडीशी गेले. प्राजक्ताने हात दिला. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "मंगळवारी सकाळी येणार आहे मी. पहिल्या बॅचला."

तिचा चेहरा पडला. "आजी, नका ना. त्या मला बोलतील. माझी नोकरी आहे हो."

"तुझी नोकरी तू कर. शिट्टी वाजवायला लावली तर वाजव."

"मग तुम्ही बाहेर येणार ना?"

मी टॉवेल घेतला आणि कपडे बदलायला गेले.

मंगळवारी फाटक उघडायच्या आधी मी उभी होते. काळा कॉस्च्युम, डोक्याला टोपी. शॉवरखाली साबण लावून अंघोळ केली. नियमात बसायचं तेवढं सगळं केलं. मग शिडी धरून पाठमोरी उतरले. उतरायला मला हात लागत नाही.

पाणी तसं मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. तळाच्या फरशीच्या रेघा दिसत होत्या. माझ्या पायाची नखं दिसत होती.

बायका आल्या. बोलत, हसत आल्या आणि काठावर थांबल्या. मागच्या पुढच्यांवर आपटल्या. सुलभाताई पुढे आल्या.

"आजी? अहो, आपलं ठरलं होतं ना रविवारचं?"

"तुमचं ठरलं होतं."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी..."

"माझ्यानंतर औषध दुप्पट टाकतात. ते कोणाच्या भल्यासाठी?"

सुलभाताईंच्या मागे कोणीतरी म्हणालं, "बघा, डोक्यावर चढून बसतात मग." दुसरी म्हणाली, "अगं, हळू. यांच्याबद्दल काही बोलायची सोय नाही हल्ली, केस होते." सुलभाताईंनी प्राजक्ताकडे बघितलं. नुसतं बघितलं. शाळेत शिपायाकडे बघत असतील तसं.

मला पोहता येतं हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मला फक्त चालताना बघितलं होतं. गुडघ्यांनी पाय मारता येत नाहीत, पण तरंगायला गुडघे लागत नाहीत. मी उताणी झाले. हात पसरले. पाण्याने मला उचललं, नदीत उचलायचं तसंच. कान पाण्यात गेले. वर पत्र्याचं छप्पर होतं, त्यात कबुतरं.

शिट्टी वाजली असणार. प्राजक्ताचे गाल फुगलेले मला दिसले. ऐकू काही आलं नाही.

किती वेळ तशी होते ते मोजलं नाही. परत उभी राहिले तेव्हा निम्म्याहून जास्त बायका निघून गेल्या होत्या. सगळ्यांत आधी गेली ती पदक पर्समध्ये ठेवणारी. पाठ दिसली मला तिची दारातून जाताना. मला तिचा राग आला नाही. तिची घाई मला कळली. चार-पाच जणी पलीकडच्या टोकाला उतरून पोहत होत्या. माझ्या बाजूच्या म्हणून नव्हे. त्यांना पोहायचं होतं. सुलभाताई खुर्चीवर बसून होत्या. त्यांना बघायचं होतं मी बाहेर कशी येते.

मी शिडीशी गेले. प्राजक्ता भिंतीकडे वळली.

"ती जाळी तिथंच राहू दे," मी म्हटलं.

मग मी चढले. दोन्ही हातांनी दांडे धरले, अंग ओढलं, एक पाय पायरीवर आणला, थांबले. दुसरा आणला, थांबले. शेवटच्या पायरीवरनं उभं राहता येईना. पोटावर पडले फरशीवर. तशीच सरपटत पुढे गेले, रांगणाऱ्या पोरासारखी, ढुंगण वर करून, सगळ्यांसमोर. खुर्चीचा पाय हाताला लागला. सुलभाताई बसल्या होत्या त्याच खुर्चीचा. त्या उठून बाजूला झाल्या. मी खुर्ची धरून उभी राहिले. गुडघ्यांची कातडी सोलली होती. पण फरशीवर पाणी होतं ते पाण्याच्याच रंगाचं.

पुढे तक्रार गेली. ऑफिसातल्या माणसाने मला बोलावलं. म्हणाला, "आजी, तुमच्याविषयी कंप्लेंट आहे."

"कसली?"

तो कागद हलवत बसला. "म्हणजे, सगळ्यांना अडचण होते."

"कसली अडचण ते लिहून द्या. मला वाचता येतं."

त्याने लिहून दिलं नाही. म्हणाला, जा आता, बघू. रविवारची ती शेवटची बॅच बंद झाली. आता दुप्पट औषध टाकतात का, ते मी विचारलेलं नाही. टाकत असतील तर सगळ्यांनंतर टाकत असतील. सुलभाताई संध्याकाळच्या बॅचला गेल्या, त्यांच्याबरोबर बऱ्याच जणी गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्यातली एखादी बोलते, एखादी नाही बोलत.

गुडघे बरे झाले का, असं लोक विचारतात. नाही झाले. होणारही नाहीत. संडासला एकटी जाते, एवढं आहे. बाहेर यायला मला अजून तेवढाच वेळ लागतो. मध्यंतरी एका नवीन बाईने वरून हात पुढे केला. मी विचारलं, "सगळ्या असताना देणार का रोज?" ती इकडेतिकडे बघायला लागली. मी दांडे धरले आणि चढले. प्राजक्ताचा हातही मी आता घेत नाही. तिला मी काही बोलले नाही. तिला माहीत आहे.

तो निळा पायजमा घरी घालते. खूप धुतला, तरी अजून निळाच आहे.

सोमवार सोडून मी रोज जाते. चालता येईल तोवर चालत जाणार, नाही आलं तर मुलगा चाकाच्या खुर्चीतून नेऊन सोडेल, त्याला सांगून ठेवलंय. पहिल्या बॅचला. औषध टाकलेल्या, झाडून घेतलेल्या, स्वच्छ पाण्यात. मला कोणी पुन्हा बरं म्हणायला लावू शकणार नाही.

मी शहाडला वाढले, कळव्याला राहते. माझ्या आईने नदीवर माफी मागितली होती. मी रस्ते झाडले. त्या दिवशी निळ्या पाण्यात हात वर करून उभी होती ती बाई मी होते.